स्वस्त रंध्याची परीक्षा

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत अनेक दानलेख कोरलेले आहेत. त्यांपैकी एक लेख एका सुताराचा आहे. धेनुकाकट येथील वेणुवासाचा पुत्र सामि याने प्रवेशद्वार घडविले, एवढाच त्याचा आशय. सामिच्या व्यवसायासाठी लेखात 'वढकि' हा प्राकृत शब्द आला आहे. विदर्भात सुताराला आजही 'वाढई' म्हणतात, तो याच कुळातला शब्द. व्यापारी, यवन आणि भिक्षू यांच्या नावांबरोबर एका हातकाम करणाऱ्याचे नाव तेथे राहिले आहे. त्याच चैत्यगृहाच्या छताला बसविलेल्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतरही जागच्या जागी आहेत. मावळात लाकूड घडविण्याचा आणि त्या कामाचा मान राखण्याचा वारसा इतका जुना आहे.

परंतु पुढील काळात गावगाड्याने हा वारसा जन्माशी बांधून टाकला. सुतारकी बलुत्यात गेली आणि तिच्याबरोबर हत्यारांची पेटीही एकाच जातीच्या घरात राहिली. पेटीबरोबर आणखी एक गोष्ट त्या घरात राहिली. ती म्हणजे हत्यार ओळखण्याची नजर. सुताराच्या मुलाला कोणते पाते घ्यावे हे आजोबा सांगत. आपल्या निवासी विद्यालयाच्या कार्यशाळेत शिकणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी असे आजोबा नव्हते. ही मुले आपापल्या कुटुंबात रंधा हाती धरणारी पहिली पिढी आहेत. शाळा सोडल्यावर पहिल्या कमाईतून ती पहिला रंधा घेतात, तेव्हा दुकानात त्यांच्या शेजारी कोणी उभे नसते. त्यांच्यासाठी आजोबांच्या जागी हा लेख लिहीत आहे.

प्रश्न पैशांचा आहे, पण केवळ पैशांचा नाही. परदेशी बनावटीचा उत्तम रंधा काही हजारांना, कधी त्याहूनही बऱ्याच अधिक किमतीला मिळतो. आपला विद्यार्थी हजार-दोन हजारांच्या आतबाहेरचाच रंधा घेऊ शकतो. त्याच किमतीत चांगला रंधाही असतो आणि निरुपयोगी रंधाही असतो; रंग मात्र दोघांचाही सारखाच चकचकीत असतो. निरुपयोगी रंधा ज्याच्या हाती येतो, तो नवशिका हत्याराला दोष देत नाही. लाकूड उपटू लागले, फळीवर खाचा पडल्या, की 'माझ्या हातालाच हे जमत नाही' असे तो समजतो आणि काम सोडतो. शेदोनशे रुपयांच्या फरकासाठी एक कारागीर गमावला जातो, ही खरी हानी होय.

परीक्षेची दृष्टी

अंगुत्तर निकायात केसमुत्त गावच्या कालामांना भगवान बुद्धांनी केलेला उपदेश आपण प्रार्थनेनंतरच्या पाठात अनेकदा अभ्यासतो. ऐकीव म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नये. तिचा परिणाम स्वतः पाहून, जाणून मगच ती स्वीकारावी, असा त्याचा भाव. तो उपदेश कुशल-अकुशल आचरणाविषयी आहे, हत्यारांविषयी नाही. तरीही त्यातील परीक्षेची सवय दुकानाच्या फळीपुढे उभे राहतानाही उपयोगी पडते. दुकानदाराचा शब्द, खोक्यावरचे नाव आणि किंमत या तिन्ही ऐकीव गोष्टी आहेत. तळ, पाते आणि ढलपी या पाहण्याच्या गोष्टी आहेत.

स्वस्त रंध्याविषयी एक गोष्ट प्रथम समजून घ्यावी. तो अर्धवट तयार झालेला रंधा असतो. महागड्या रंध्यात कारखान्याने शेवटचे जे घासकाम केलेले असते, ते येथे घेणाऱ्यावर सोपविलेले असते. किंमत कमी होण्याचे मोठे कारण तेच. म्हणून असा रंधा पाहताना 'यात दोष आहेत काय?' हा प्रश्न व्यर्थ आहे, दोष असणारच. विचारावयाचा प्रश्न असा की, जे दोष आहेत ते माझ्या हाताने निघण्यासारखे आहेत काय? निघणारे दोष सोसावेत, न निघणारे सोसू नयेत. पुढील सर्व विवेचन या एका भेदावर उभे आहे.

रंध्याची अंगे

बाजारात आज मिळणारा लोखंडी रंधा बहुधा लिओनार्ड बेली या अमेरिकी कारागिराच्या रचनेवर बेतलेला असतो. एकोणिसाव्या शतकातील त्याची ही रचना १८६९ साली स्टॅनले कंपनीने घेतली आणि पुढे जगभर तिच्या नकला झाल्या. त्यातील क्रमांकही रूढ झाले. ४ क्रमांकाचा रंधा सुमारे साडेनऊ इंच लांब असतो व पृष्ठभाग गुळगुळीत करण्यास वापरतात. ५ क्रमांकाचा सुमारे चौदा इंच लांब असतो व तो सर्वसाधारण कामाचा होय. एकच रंधा घ्यावयाचा असेल तर ५ क्रमांकाचा घ्यावा.

त्याची मुख्य अंगे अशी. खाली बिडाचा तळ. तळात आडवी फट, ते तोंड. तोंडामागे पाते ज्यावर टेकते ती तिरपी बैठक, तळाशी सुमारे ४५ अंशांचा कोन करणारी. बैठकीवर पाते, पात्यावर ढलपी वळविणारी व पाते ताठ ठेवणारी लोखंडी टोपी, आणि त्या दोघांना दाबून धरणारी दाबपट्टी. मागे पाते खाली-वर करणारी पितळी चाकी आणि ते डावी-उजवीकडे वळविणारी कळ.

न निघणारे दोष

पहिला दोष तडा. बीड कठीण असते, पण ठिसूळही असते. बाकावरून फरशीवर पडले की तडकते. तोंडाच्या दोन्ही टोकांशी आणि तळ व बाजू जेथे मिळतात तेथे बारकाईने पाहावे. रंगाखाली तडा लपू शकतो. पाते काढून रंधा बोटांवर तोलून धरावा आणि किल्लीने हलकेच वाजवावा. अखंड बीड खणखणते, तडकलेले बद्द वाजते. शंका राहिल्यास तेथे रॉकेल लावून पुसून घ्यावे व वर खडूची पूड चोळावी. तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल बाहेर झिरपते आणि पुडीवर काळसर रेघ उमटते. तोंडाजवळ तडा असलेला रंधा फुकट मिळाला तरी घेऊ नये.

दुसरा दोष पीळ. तळाचे एक टोक दुसऱ्याच्या मानाने वळलेले असणे म्हणजे पीळ. रंधा जाड काचेवर ठेवून समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबावेत. तो खडखड हलला तर त्यात पीळ आहे किंवा तळ मध्यभागी फुगलेला आहे. हा दोष किंचित असेल तर घासून जातो, पण बोटाला स्पष्ट जाणवण्याइतका असेल तर तो काढण्यात दिवस जातील आणि तळ पातळ होईल.

तिसरा दोष बैठकीचा. दोन्ही स्क्रू सैल करून बैठक उचलावी. ती जेथे टेकते ती जागा यंत्राने सपाट केलेली असावी. तेथे ओबडधोबड ओतीव बीड किंवा रंगाचे थर असतील तर ती नीट बसणार नाही. स्क्रू न लावता बैठक जागेवर ठेवून हलवून पाहावी. डुगडुगणाऱ्या बैठकीवरील पाते लाकडात शिरताच थरथरते आणि फळीवर लाटांसारख्या आडव्या खुणा उमटतात. नवशिक्याला वाटते, हात कापला. प्रत्यक्षात बैठक कापलेली असते. रंगाचा थर असेल तर तो खरवडून काढता येतो, पण मुळातच वाकडी असलेली बैठक सोडून द्यावी.

चौथा दोष तोंडाचा. तोंडाची पुढची कड सरळ आणि पात्याच्या धारेशी समांतर असावी. कडेवर थोडी खरखर असल्यास कानशीने जाते. पण तोंड वेडेवाकडे व फार रुंद कापलेले असेल तर कापलेले बीड परत भरता येत नाही. बैठक पुढे सरकवून रुंदी थोडी कमी करता येते, वाकडेपण मात्र राहतेच.

पाचवा दोष आट्यांचा. प्रत्येक स्क्रू पूर्ण फिरवून पाहावा. आटे झिजलेले किंवा स्क्रू तिरपा जात असेल तर त्या रंध्याला पाते घट्ट धरता येणार नाही. चाकी फिरविताना पाते हलण्याआधी अर्धा-एक फेरा रिकामा जातो, तो दोष समजू नये. जुन्या, चांगल्या रंध्यांतही तेवढी सूट असते.

पात्याचे पोलाद

पाते हा रंध्याचा प्राण आहे आणि स्वस्त रंध्यात सर्वाधिक फसवणूक येथेच होते. सुतार म्हणतात, पात्याला 'पाणी' हवे. पोलाद तापवून विझविल्याने आलेले कठीणपण म्हणजे हे पाणी. ते कमी असेल तर धार वळते. प्रमाणाबाहेर असेल तर धारेचे कण तुटून दात पडतात.

दुकानदाराची परवानगी घेऊन पात्याच्या बाजूच्या कडेवर, धारेपासून अर्ध्या इंचावर, बारीक कानस एकदा हलकेच फिरवावी. कानस घसरली किंवा जेमतेम लागली तर पाते कठीण आहे. लोखंडी पट्टीवर जशी चावते तशी चावली तर पाते मऊ आहे. चाचणी धारेजवळच करावी, कारण काही पात्यांचा पुढचा भागच कठीण केलेला असतो. धारेपाशी निळा डाग दिसला तर चाकावर घासताना पाते जळले आहे आणि तेवढ्या भागाचे पाणी उतरले आहे, असे समजावे. डाग लहान असेल तर तो भाग घासून टाकता येतो.

मऊ पात्यामुळे सगळा रंधा टाकून द्यावा काय? आवश्यक नाही. तळ, बैठक आणि तोंड चांगले असेल तर पाते वेगळे विकत घेऊन बदलता येते. चांगल्या देहात नवे पाते बसते. वाकड्या देहाला चांगले पाते सरळ करू शकत नाही. म्हणून परीक्षेत देह आधी पाहावा आणि पाते नंतर.

निघणारे दोष

आता सोसण्याजोगे दोष पाहू. पात्याची पाठ खडबडीत असते, धार बोथट असते, टोपी पात्याला नीट टेकत नाही, तळावर यंत्राच्या रेघा असतात, मुठीच्या कडा हाताला बोचतात. हे सर्व एका रविवारात निघते.

तळासाठी जाड काचेच्या तुकड्यावर ८० क्रमांकाचा पॉलिश कागद चिकटवावा. रंधा पूर्ण जोडावा व दाबपट्टी नेहमीसारखी आवळावी, कारण तिच्या ताणाने तळ किंचित वाकतो. पाते मात्र आत ओढून ठेवावे. तळावर पेनाने आडव्या रेघा मारून रंधा सरळ घासावा. जेथे शाई उरते तो भाग खोलगट. पुढचे टोक, तोंडाच्या लगतचा पुढचा भाग आणि मागचे टोक या तीन जागा एका पातळीत आल्या की पुरे. मधली खोलगट बेटे कामात आड येत नाहीत. मग १२० व २२० क्रमांकाचे कागद वापरावेत. पुष्कळ मुले सगळा तळ आरशासारखा होईपर्यंत घासत बसतात. तो हव्यास आहे, सुतारकाम नव्हे.

सपाटीची अचूकता कामावर अवलंबून असते. वहीचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. पोलादी पट्टी तळावर उभी धरून तिच्याखाली कागदाचा कपटा सरकतो का ते पाहावे. ओबडधोबड लाकूड उतरविणाऱ्या रंध्यात कपटा शिरला तरी बिघडत नाही, कारण त्याची ढलपी त्याहून जाड असते. गुळगुळीत करण्याच्या रंध्याची ढलपी कागदापेक्षाही पातळ असते. तेथे तो सरकता कामा नये.

पात्याची धार दोन पृष्ठभागांच्या मिलनाने बनते, एक तिरपा उतार आणि दुसरी पाठ. उताराला दहा वेळा धार लावली आणि पाठ खडबडीत ठेवली तर धार कधीच लागत नाही. म्हणून धारेलगतची पाठ दगडावर सपाट करून मगच उतार २५ ते ३० अंशांत घासावा. घासताना मागच्या बाजूस खरखरीत काठ उठतो. तो संपूर्ण रुंदीभर जाणवला म्हणजे दगड धारेपर्यंत पोहोचला. मग तो काठ बारीक दगडावर व चामड्यावर उतरवावा. टोपी पात्यावर ठेवून उजेडासमोर धरावी; दोहोंमधून उजेड दिसला तर ढलपी तेथे अडकणार. टोपीची कड दगडावर घासून ती फट बुजवावी आणि टोपी धारेपासून सुमारे एक मिलिमीटर मागे बसवावी.

लाकडी आणि जुने रंधे

लाकडी रंधा अद्यापही स्वस्त व चांगला पर्याय आहे. शिसव वा बाभळीसारख्या घट्ट लाकडाचा, गाठ व चीर नसलेला, पूर्ण वाळलेला ठोकळा असावा. पाचर दोन्ही बाजूंना सारखी बसते काय, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे; एका बाजूने सैल असलेली पाचर काम करताना पाते तिरपे करते. पाचरीच्या खोबणीजवळ चीर असेल तर रंधा घेऊ नये. तळ झिजून तोंड रुंद झाले असेल तर तेथे कठीण लाकडाचा तुकडा बसविता येतो.

पुण्याच्या रविवार पेठेतील बोहरी आळीत नवी हत्यारे मिळतात. जुनी पाहावयाची असतील तर बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार पाहावा. जुन्या रंध्यावरचा तांबूस वरवरचा गंज ही भीतीची गोष्ट नाही, तो घासून जातो. पोलादात खड्डे पाडणारा गंज मात्र पात्याच्या पाठीवर धारेजवळ असेल तर ते पाते गेले. जुन्या पात्यात किती पोलाद शिल्लक आहे तेही पाहावे; खाचेपर्यंत घासून संपत आलेले पाते थोडेच दिवस पुरेल.

केंद्र शासनाच्या २०२३ साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत सुतारासह अठरा व्यवसायांचा समावेश असून हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांनी तिची माहिती अवश्य घ्यावी. पैसा शासनाचा असला तरी परीक्षा स्वतःचीच असावी.

अखेरची कसोटी

सर्व जुळवून झाल्यावर रंधा लाकडावर चालवावा. प्रथम खोक्याच्या पाइनसारखे सरळ रेषेचे मऊ लाकूड घ्यावे, मग साग. ढलपी पात्याच्या पूर्ण रुंदीची, दोन्ही कडांना सारख्या जाडीची आणि अखंड निघाली पाहिजे. एका बाजूस जाड निघाली तर कळ वळवावी. लाकूड उपटले तर प्रथम फळी उलट फिरवून रेषेच्या दिशेने चालवावे. तरीही उपटले तर धार पाहावी, मग टोपी धारेच्या आणखी जवळ आणावी. खुणा लाटांसारख्या आल्या तर बैठक व दाबपट्टी पाहावी. वीस मिनिटे काम केल्यावर पाते काढून धार उजेडात धरावी. धारेवर चकाकणारी पांढरी रेघ दिसली तर ती बोथट झाली आहे. इतक्या थोडक्या कामात मऊ लाकडावर असे झाले, तर पोलादाविषयीचा कानशीचा निकाल पक्का समजावा.

हा क्रम पाळल्यास हात आणि हत्यार यांतील दोष वेगळे करता येतात. विद्यार्थ्याच्या हाताला दोष देण्याआधी शिक्षकाने त्याचा रंधा आपल्या हाताने चालवून पाहावा. आणि रंध्याला दोष देण्याआधी विद्यार्थ्याने धार लावून पाहावी. कार्यशाळेत या दोन नियमांनी पुष्कळ अन्याय टळतो.

मावळचा पाऊस

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुण्याच्या कोरड्या दुकानात परीक्षा उत्तीर्ण झालेला रंधा येथे एका आषाढात गंजून जाऊ शकतो. काम संपल्यावर ढलप्या व भुसा झाडून काढावा, कारण त्यात ओल धरते. पाते व तळ यांवर शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात फिरवावा. तळावर मेणबत्ती घासल्यास तो गंजापासून काहीसा वाचतो आणि लाकडावर सहज सरकतो. रंधा फरशीवर वा भिंतीलगत न ठेवता पेटीत, फळीवर ठेवावा. लाकडी रंध्याची पाचर रात्री सैल करावी. पावसाळ्यात फुगलेला त्याचा तळ लगेच घासू नये. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सपाटी पाहावी, नाहीतर पुढील उन्हाळ्यात तो पुन्हा बदलेल.

संयुक्त निकायात सुताराच्या वाकसाच्या दांड्याचा दृष्टान्त आहे. दांड्यावर बोटांच्या व अंगठ्याच्या खुणा पडतात. आज किती झिजला, काल किती झिजला हे सुताराला सांगता येत नाही, पण झिजल्यावर तो झिजला हे कळते. चित्ताचे मळ साधनेने असेच क्षीण होतात, हे तेथे सांगावयाचे आहे. रंध्याच्या मुठीवरही अशा खुणा पडतात. पण त्यासाठी तो रंधा दहा-वीस वर्षे एकाच हातात राहण्याच्या योग्यतेचा असावा लागतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि तांत्रिक शिक्षण वंचित समाजापर्यंत पोहोचावे असा त्यांचा आग्रह होता. आपल्या कार्यशाळेमागेही तीच प्रेरणा आहे. येथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिला रंधा घेताना दुकानात पाते काढून पाहावे, बैठक हलवून पाहावी, बीड वाजवून पाहावे. दुकानदार कंटाळला तरी चालेल. पुढे कधी धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्या मुलाला रंधा घ्यावयाचा झाला, तर त्याच्याबरोबर दुकानात जावे आणि हीच परीक्षा त्याच्या हाताने करवून घ्यावी.